उजव्या बाजूच्या पट्ट्या

बशीवर कप वाजला की उस्तादांच्या काळजात धस्स व्हायचं.

आवाज काही मोठा नसे. थंडीत दात वाजावेत तसा बारीक. उजव्या हातानं कपबशी उचलली की सुरू व्हायचा, खाली ठेवली की थांबायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल, म्हणून भांडी हादरली. त्यांनी उठून खिडकीतून पाहिलंसुद्धा. रस्त्यावर एक मांजर पाय ताणून पडलं होतं. बाकी सामसूम.

त्या दिवसापासून उस्ताद चहा डाव्या हातानं पिऊ लागले. बायकोनं विचारलं तर काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं, पण तिनं विचारलंच नाही.

आता एखाद्या कारकुनाचा किंवा दुकानदाराचा हात हलला तर त्याचं फार काही बिघडत नाही. उस्तादांचं नाक्यावर सलून होतं. 'उस्ताद' हे नावच मुळी त्यांना वस्तऱ्यानं मिळवून दिलेलं. सगळीकडे पातं बदलायचे वस्तरे आले, तरी हे आपले चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावायच्या जुन्या वस्तऱ्यावर अडून बसलेले. आणि हात असा, की गालावर वस्तरा फिरायला लागला की गिऱ्हाईक घोरायला लागायचं. सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची, दुसरी मुलीची. मुलगी केस कापायची, रंगवायची, रडणाऱ्या पोरांना हसवत त्यांच्या झिपऱ्या उतरवायची. वस्तरा मात्र तिच्या हाती नव्हता. तिनं मागितला की उस्तादांचं एकच उत्तर ठरलेलं: "अजून तुझा हात कच्चा आहे."

उस्तादांची भीती कपाची नव्हती. भीती वडिलांची होती.

वडीलही हेच काम करायचे, याच सलूनमध्ये. त्यांचाही उजवा हात असाच हलायला लागला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हात थरथरतोय हे घरच्यांना कळलं ते एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली तेव्हा. पांढऱ्या फेसात लाल ओघळ उतरला, गिऱ्हाईक ओरडत उठलं आणि गळ्यातल्या टॉवेलासकट रस्त्यावर पळालं. त्यानंतर वडिलांच्या खुर्चीत कुणी बसेना. मग वडील दाराजवळच्या बाकावर बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहून हसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. शेवटपर्यंत ते तसेच बसले. उस्तादांना वडिलांचा चेहरा आता नीट आठवत नसे. मांड्यांखाली गेलेली ती मनगटं मात्र काल पाहिल्यासारखी आठवायची.

म्हणून ते डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टरनं आजाराचं नाव घेतलं की गोष्ट खरी होणार. त्यापेक्षा ते सबबी सांगायला लागले. आज धार नाही. आज पाठ धरली आहे. आज केसच कापून घ्या, दाढी पुन्हा कधीतरी. अशी वस्तऱ्याची गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. एक तेवढं हटेना. ते म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दर शनिवारी सकाळी दार उघडायच्या आत हजर.

घर आणि सलून यांच्या वाटेवर खेळण्यांचं एक दुकान होतं. त्याच्या काचेत लाकडी जहाज ठेवलेलं असायचं. हातभर लांब, दोऱ्यांचं जाळं, इवलीशी शिडं. उस्ताद रोज त्या दुकानावरून जायचे आणि रोज त्यांच्या मनात यायचं, हे ज्यानं केलं त्याचा हात हलत नसणार. एक दिवस ते आत शिरले.

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "नातवंडांसाठी हवंय?"

"नाही. माझ्यासाठी."

"आधी केलंय कधी?"

"पहिलीच वेळ."

"मग काचेतल्याकडे बघूही नका. सगळे पहिल्यांदा तीन डोलकाठ्यांचं घेतात आणि माळ्यावर टाकतात. ही घ्या. कोळ्यांची नाव आहे. एक डोलकाठी, एक शीड." त्यांनी एक चपटं खोकं पुढे सरकवलं. "आत कणा आहे, बरगड्या आहेत. त्या आधी बसवायच्या. मग वरून या बारीक पट्ट्या. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या म्हणजे वाकतात. टाचणीनं टोचून ठेवायच्या, खालून गोंद. आणि एक लक्षात ठेवा, एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकाच बाजूच्या लावत सुटायचं नाही."

"का बरं?"

"लाकूड ओढतं."

उस्तादांनी मान डोलावली. खोकं काखेत मारून बाहेर पडताना त्यांनी मनाशी एक पैज लावली. ही नाव सरळ झाली तर हात धडधाकट आहे. मग जे काही होतंय तो थकवा, वय, चहा जास्त झाला असेल. पण नाव सरळ झाली पाहिजे. ही पैज कुणाला सांगायची सोय नव्हती. जीव टांगणीला लावून ते घरी आले.

बायकोनं खोकं पाहिलं. "अहो, उभ्या जन्मात भिंतीला खिळा ठोकला नाहीत, आणि आता एकदम जहाज?"

"जहाज नाही. नाव आहे."

"बरं, नाव. निघालात कुठं?"

मुलगी आतून म्हणाली, "बाबा, मलाही न्या. आईला नका नेऊ. किनारा दिसेनासा झाला की ती गॅस बंद केला का विचारेल."

दोघी हसल्या. उस्तादही हसले. खोक्याची दोरी त्यांनी डाव्या हातानं सोडली.

सलूनच्या मागे एक खोली होती. तिथं टॉवेल वाळत, पाणी तापवायचं भांडं असे, आणि खिडकीखाली एक टेबल. दुपारी सलून बंद असताना उस्ताद तिथं बसू लागले. कणा बसला. बरगड्या बसल्या. माशाचा सांगाडा ताटात उरावा तशी नाव दिसू लागली. मग बरगड्यांच्या कडा काचकागदानं घासायच्या होत्या, म्हणजे पट्ट्या त्यांच्यावर सपाट बसतात. हे काम उस्तादांना फार आवडलं. हात हलवायचंच काम, तेव्हा हलणारा हात त्यात कुठल्या कुठे लपून गेला. घासता घासता ते शीळ घालू लागले. आपण उगाच घाबरलो, असं त्यांना वाटलं.

मग पट्ट्यांची पाळी आली.

नावेचं खरं अवघड काम नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी. तिथं ओली पट्टी वाकवायची, टोक खाचेत बसवायचं आणि तेवढ्यात टाचणी टोचायची. डाव्या बाजूला बसलं की नाक आपल्या डाव्या हाताकडे येतं. उस्तादांनी डाव्या हातानं टाचणी टोचली, उजव्यानं पट्टीची शेपटी नुसती दाबून धरली. पट्टी बसली, छान बसली. त्यांनी बायकोचे कपडे वाळत घालायचे चिमटे तिला लावले आणि नाव फिरवली.

उजव्या बाजूनं नाक उजव्या हाताकडे आलं.

उजव्या हातानं त्यांनी टाचणी धरली. टाचणीचं टोक लाकडापाशी गेलं आणि वाजू लागलं. टिक टिक टिक टिक. तोच आवाज. कपबशीचा. त्यांनी श्वास रोखला, तर आवाज वाढला. कोपर टेबलावर टेकवून पाहिलं, मनगट दुसऱ्या हातानं धरून पाहिलं. नाव उलटी केली तर नाक डावीकडे येईल म्हणून तीही उलटी केली, पण बरगड्यांवर ती धड उभी राहीना. पट्टी वाळून ताठ झाली. टाचणी खाली पडली ती सापडलीच नाही.

"आज उजेड कमी आहे," उस्ताद स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. खिडकीतून ऊन टेबलभर पसरलं होतं.

त्यांनी नाव फिरवली आणि दुसरी पट्टीही डाव्या बाजूलाच लावली. उजवी बाजू उद्या करू. दुसऱ्या दिवशीही उजेड कमीच निघाला. मग गोंद घट्ट झाल्याचं कारण आलं. मग त्यांनी कारणं शोधणंच सोडलं. डावीकडे पट्टीवर पट्टी चढत गेली. दुकानातल्या बाईंचं बोलणं आठवायचं, आणि आठवलं की ते जरा भरभर हात चालवायचे.

"माझे चिमटे कुठं जातात कळत नाही," बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा पुढून म्हणाली. "काल पडदे वाऱ्यानं उडाले, ते शेजारच्या गच्चीत मिळाले."

"समुद्रावर गेलेत," मुलगी म्हणाली. ती टॉवेल घ्यायला मागच्या खोलीत आली होती. टेबलावर नाव खिडकीकडे तोंड करून उभी, डावी बाजू पुढे, मधासारख्या रंगाची, कपाळासारखी गुळगुळीत. "बाबा! तुम्ही केलंत हे? पलीकडून बघू."

"पलीकडे काम चालू आहे," उस्ताद इतक्या झटकन म्हणाले की तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. ती नावेकडे नाही, त्यांच्याकडे बघत राहिली. मग टॉवेल उचलून गेली.

शनिवारी सकाळी उस्ताद दार उघडण्याआधी मागच्या खोलीत गेले. कालची शेवटची पट्टी वाळली असणार. त्यांनी चिमटे काढले आणि नाव टेबलावर ठेवली. नाव डुगडुगली. त्यांनी नाक दाबलं तर मागची बाजू वर आली, मागची दाबली तर नाक उठलं. टक, टक, टक. मग त्यांनी ती उचलून डोळ्यापुढे धरली आणि नाकापासून मागपर्यंत कण्यावरून नजर टाकली.

कणा वाकला होता. केळ्यासारखा. ओल्या पट्ट्या वाळताना आक्रसल्या होत्या आणि साऱ्यांनी मिळून त्याला एकाच बाजूला ओढलं होतं. पाण्यात सोडली असती तर ती जागच्या जागी गोल फिरत राहिली असती.

उस्तादांनी टेबलाची कड धरली. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, ते या काटकुळ्या लाकडांनी सांगून टाकलं होतं. नाव सरळ झाली नव्हती. पैज त्यांनीच लावली होती.

पुढच्या दारावर टकटक झाली.

"उस्ताद! झोपलात की काय? दाढी वाढून गुडघ्याला लागली माझी!"

हेडमास्तर खुर्चीत बसले, मान मागे टाकली, पाय लांब केले. मुलगी कोपऱ्यात आदल्या दिवशीचे केस झाडून गोळा करत होती. "जरा जपून हं," मास्तर नेहमीचंच बोलले, "मान एकच आहे." आणि डोळे मिटले. फेस लागेपर्यंत त्यांचा श्वास लांब झाला होता.

फेस लावणं सोपं होतं. ब्रश गोल गोल फिरतो, त्यात सगळं खपून जातं. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावतानाही काही कळलं नाही. गालांवरही निभावलं, कारण करंगळी मास्तरांच्या जबड्यावर टेकवता येत होती. उस्ताद जीव मुठीत धरून वस्तऱ्याचा एक एक हात फिरवत होते. कपाळावरून घाम डोळ्यात आला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

राहिला गळा.

गळ्यावर हात टेकवायला जागा नसते. खाली कातडी, कातडीखाली शीर, आणि ती शीर उडताना दिसते. उस्तादांनी डाव्या हातानं कातडी ताणली आणि वस्तरा जवळ नेला. त्याच वेळी त्यांना समोरच्या भिंतीवर एक कवडसा दिसला. दिव्याचा उजेड पात्यावर पडून भिंतीवर उतरला होता. रुपयाएवढा तो ठिपका थरथर नाचत होता. काचेत अडकलेल्या माशीसारखा.

झाडूचा आवाज थांबला होता.

उस्तादांनी आरशात पाहिलं. मुलगी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत होती. मग तिनं हळूच नजर वळवली, आणि दोघांची आरशात गाठ पडली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

एकच हात, उस्तादांच्या मनात आलं. एक फिरवून बघू. कदाचित काही होणारही नाही. वडिलांनाही असंच वाटलं असेल का? त्या दिवशी, कानापाशी? त्यांनाही आरशात कुणी दिसलं होतं का? फेसावरून उतरणारा तो लाल ओघळ त्यांना इतका स्पष्ट दिसला की क्षणभर वाटलं, झालंच ते. मास्तरांची शीर उडत होती. सावकाश, बेफिकीर.

उस्तादांनी वस्तरा मागे घेतला.

"इकडे ये," ते पुटपुटले.

ती आली.

"हा धर."

"बाबा..." ती कुजबुजली. "आत्ता? मास्तरांवर? तुम्ही म्हणता माझा हात कच्चा आहे."

"तुझा कच्चा आहे. माझा गेलाय."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटलं, जमीन सरकेल. ती सरकली नाही. मुलीनं वस्तरा घेतला. तिच्या बोटांकडे ते डोळ्यात तेल घालून पाहत होते. बोटं गार होती, पण स्थिर.

"मी फुग्यांवर केलंय," ती म्हणाली. "घरी. फुग्याला फेस लावून. तुम्हाला सांगितलं नाही."

"फुटले?"

"सुरुवातीला सगळे."

"आणि आता?"

"आता फुटत नाहीत." ती थांबली. "बहुतेक."

"बहुतेक?" उस्तादांचा आवाज चिरकला. पण मागे फिरायची वेळ निघून गेली होती. गळ्यावरचा फेस वाळायला लागला होता. ते खुर्चीच्या डाव्या अंगाला गेले आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून धरली. ती उजवीकडे उभी राहिली. "आडवा धर. आणखी आडवा. दाबायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं. श्वास रोखू नकोस. हं."

पातं टेकलं. खर्र असा बारीक आवाज झाला, बरोबर तसाच जसा व्हायला हवा. स्वतःच्या हाताची भीती उस्तादांना माहीत होती. तिला तोंड देऊन ते थकले होते. पण ही दुसऱ्याच्या हाताची भीती. हिला धरायला कुठं जागाच नव्हती.

तिसऱ्यांदा वस्तरा फिरला तेव्हा मास्तर डोळे न उघडता बोलले. "उस्ताद, आज हात वेगळा लागतोय."

मुलगी दगडासारखी थिजली. पातं गळ्यापासून बोटभर दूर राहिलं.

थकवा म्हणता आलं असतं. वस्तरा नवा आहे म्हणता आलं असतं. उस्तादांकडे सबबींची काय कमी होती!

"मास्तर," ते म्हणाले, "हात लेकीचा आहे. माझा हलतो आता."

मास्तरांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. त्यांचा कंठ वर गेला, खाली आला. भीती त्यांनाही वाटली होती. कुणाला नाही वाटणार?

"फक्त गळाच राहिलाय ना?" मास्तरांनी विचारलं.

"अर्धा."

"मग उभे काय राहिलात दोघं? अर्धा गळा घेऊन घरी गेलो तर बायको दारातून आत घेईल का? चालू दे, पोरी. पण बोलू नकोस माझ्याशी. मला हसू येतं."

कानाखाली, अगदी शेवटी, एक लाल ठिपका उमटला. टाचणीच्या डोक्याएवढा. मुलीनं वस्तरा उचलला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. उस्तादांच्या कानात वडिलांच्या त्या गिऱ्हाइकाची किंकाळी घुमली. त्यांनी डोळे मिटून घेतले. आता मास्तर उठतील, टॉवेलासकट दार उघडून...

"चुरचुरतंय," मास्तर म्हणाले. "तुरटी लाव की. शाळेत यापेक्षा जास्त रक्त खडू मारून काढायची पोरं माझं."

मास्तर गेल्यावर उस्ताद दाराजवळच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की त्यांचे दोन्ही तळहात मांड्यांखाली गेले आहेत. कधी गेले ते कळलं नव्हतं. विस्तवाला लागल्यासारखे त्यांनी ते बाहेर ओढले, गुडघ्यांवर उघडे ठेवले, आणि उजवा किती हलतो ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. बराच हलत होता.

मग ते उठून मागच्या खोलीत गेले. भांड्यात पाणी तापवलं. दाढीचा टॉवेल त्यात बुडवून पिळला आणि वाफ निघत असताना नावेभोवती गुंडाळला. गोंद सुतारकामाचा, पांढरा. ऊब आणि ओल लागली की तो सोडतो.

बायको डबा घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो, तिचीही दाढी करताय की काय?"

"पट्ट्या सोडवतोय. वाकली आहे. मी सगळ्या डावीकडेच लावत बसलो."

तिनं डबा ठेवला. का, असं तिनं विचारलं नाही. स्टूल ओढून ती टेबलाच्या पलीकडे बसली, नावेच्या उघड्या बाजूला.

"तुला माहीत होतं?" उस्तादांनी विचारलं.

"तुमचा कप मी कधीपासून अर्धाच भरते," ती म्हणाली, "ते काय चहापत्ती महाग झाली म्हणून?"

टॉवेलमधून पाणी टेबलावर ठिबकत होतं.

"मला भीती वाटते गं," शेवटी ते म्हणाले.

"मलाही. सोमवारी सलून बंद असतं, डॉक्टरकडे जाऊ. आणि या उजव्या बाजूच्या टाचण्या मी टोचीन. मला हे येत नाही, पण सुई तर धरता येते."

मऊ पडलेल्या पट्ट्या दोघांनी एक एक करून सोलून काढल्या. काही मोडल्या. उघडा कणा त्यांनी टेबलावर सपाट ठेवला आणि त्यावर पावडरच्या, तेलाच्या, सलूनमधल्या जडजड बाटल्या ओळीनं मांडल्या.

"होईल सरळ?"

"वाळल्यावर कळेल."

मुलगी पुढून चहा घेऊन आली. अर्धा कप भरायची आईची रीत तिला ठाऊक नव्हती, तिनं कप काठोकाठ भरला होता. उस्तादांनी तो उजव्या हातानं उचलला. कप बशीवर वाजू लागला, चहा बशीत सांडला, थोडा शर्टावरही उडाला. तिघांनीही तो आवाज ऐकला. ट्रक गेला का म्हणून खिडकीकडे कुणी पाहिलं नाही.